सोडियम एवढंसं, ग्लुकोज केवढं, तरी आत ग्लुकोजच का जातं?

दादा, तुमच्या लेकीचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. ती अकरावी सायन्सला आहे, पुस्तकात लिहिलंय की पेशीचं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, ज्याला मेंब्रेन म्हणतात, हे निवडक्षम पारपटल असतं, काहींनाच आत सोडणारं, आणि क्लासमध्ये ते चाळणीसारखं काढून दाखवलं, बारीक कण आत, मोठे बाहेर. मग तिनेच आकडे काढले, सोडियमचा अणुभार २३, ग्लुकोजचा रेणुभार १८०, तरी ग्लुकोज पेशीत जातं आणि सोडियम बाहेर राहतं, तर ही कसली उलटी चाळणी? तिला उत्तर मिळालं की "मेंब्रेन ठरवतं", आणि तुम्ही कॉमर्सचे असल्यामुळे पुढे अडलात. पोरीचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, चुकलंय ते चाळणीचं चित्र. एकदा का ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं पाठ करावं लागतं, समजत काहीच नाही.

मी गेली चोवीस वर्षं मुंबईत परळच्या बाजूला एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, त्याआधी काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, त्यामुळे मी जे सांगणार ते बहुतेक लाल पेशींवरून. त्याचा एक फायदा आहे. माणसाच्या लाल पेशीत न्यूक्लियस नाही, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नाहीत, आतमध्ये दुसरे कुठलेच पडदे नाहीत, जे काही मेंब्रेन आहे ते बाहेरचंच, म्हणून मेंब्रेनबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंचसं लाल पेशींनीच शिकवलंय. तोटा असा की सगळ्या पेशी लाल पेशीसारख्या वागत नाहीत. "हे आत जातं का हो?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या पेशीत, किती तापमानाला आणि बाहेर किती आहे? हे तिन्ही माहीत नसेल तर उत्तर देता येत नाही, हे लेकीला सुरुवातीलाच सांगून ठेवा.

आता हे पटल बनलंय कशाचं ते बघू. आमटीवर तेलाचा तवंग असतो ना, पाण्यात मिसळत नाही, वेगळा राहतो. मेंब्रेनचा मुख्य थर हा तेलाचाच भाऊबंद आहे, फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचा. या रेणूला एक डोकं असतं ज्याला पाणी आवडतं आणि दोन लांब शेपट्या असतात ज्यांना पाणी नकोसं असतं. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन रांगा करून उभे राहतात, डोकी बाहेरच्या पाण्याकडे आणि आतल्या पाण्याकडे, शेपट्या मधे एकमेकांच्या आडोशाला. कुणी शिवत नाही, कुणी चिकटवत नाही, पाण्यापासून शेपट्या लपवायच्या एवढ्यावर हा थर टिकून असतो. म्हणूनच बारीक भोक पडलं तर तो स्वतःच मिटतो. जाडी किती, तर सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे असे दोन लाख थर एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर होईल.

दोन रांगा आहेत हे कळलं कसं ते मला फार आवडतं म्हणून सांगते. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल पेशी घेतल्या, त्यातली सगळी चरबी अ‍ॅसिटोनने काढली आणि पाण्यावर एका रेणूइतक्या पातळ थरात पसरली, आणि तिने किती जागा व्यापली ते मोजलं. मग पेशींचा पृष्ठभाग किती होतो त्याचा हिशोब केला, तर चरबीने बरोबर दुप्पट जागा घेतलेली, म्हणजे पेशीभोवती दुहेरी थर असला पाहिजे. पुढे कळलं की त्यांची चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता, दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. पण कल्पना केवढी सरळ आहे बघा, पसर आणि मोज.

हा थर घट्ट नसतो, वाहता असतो, आणि किती वाहता ते शेपट्यांवर ठरतं. घरातलंच उदाहरण, फ्रिजमध्ये तूप गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल बऱ्यापैकी पातळ राहतं. तुपातल्या बहुतेक शेपट्या सरळसोट असतात, एकमेकींना खेटून बसतात, तेलातल्या शेपट्यांना मधेच बाक असतो म्हणून त्यांना दाटीवाटीने बसता येत नाही. मेंब्रेनमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, शिवाय मधे मधे कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉलचं नाव काढलं की लोक दचकतात, पण ते नसेल तर आपलं एकही मेंब्रेन धड राहणार नाही, शरीराच्या तापमानाला ते थराला फार पातळ होऊ देत नाही आणि थंडीत गोठू देत नाही.

आणि या थरात प्रोटीन्स रुतलेली असतात, काही आरपार, काही नुसती एका बाजूला चिकटलेली. लाल पेशीच्या मेंब्रेनचं वजन केलं तर निम्म्याच्या आसपास प्रोटीनच भरतं. मज्जातंतूभोवतीच्या मायलिनमध्ये मात्र चरबी पाऊणपटीच्या वर असते कारण त्याचं काम मुख्यतः वायरवरच्या प्लास्टिकसारखं आहे, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात उलट तीन चतुर्थांश प्रोटीन, कारण तिथे सतत कामं चालू असतात. चरबीचा थर अडवतो आणि प्रोटीन्स वाट देतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी हे सगळं एकत्र मांडलं, वाहत्या चरबीत तरंगणारी प्रोटीन्स, आणि तुमच्या लेकीच्या पुस्तकातलं फ्लुइड मोझाइक मॉडेल ते हेच.

आता मूळ मुद्दा. नुसता चरबीचा थर घेतला, प्रोटीन काढून टाकली, तर त्यातून कोण जाईल? ऑक्सिजन जातो, कार्बन डायऑक्साइड जातो, अल्कोहोल जातं, भूल द्यायचे वायू जातात, कारण त्यांना तेलात शिरायला काही अडचण नाही. सोडियम जात नाही, आणि हे नीट ऐका, ग्लुकोजही जवळजवळ जात नाही! दोघांनाही तेलाचा थर अडवतो. सोडियम आयन एवढासा असला तरी त्याच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे पाण्यात तो कधीच एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी घट्ट धरून असतात, आणि तेलात शिरायचं तर हा सगळा गोतावळा बाहेर सोडून उघडंवाघडं आत जावं लागेल, त्याला लागणारी ऊर्जा इतकी मोठी आहे की तो जातच नाही. ग्लुकोजवर भार नाही, पण त्याच्या अंगावर पाण्याला चिकटणारे पाच गट आहेत, तोही पाणी सोडायला तयार नसतो. म्हणजे तेलापाशी प्रश्न आकाराचा कमी आणि पाण्याशी किती जवळीक आहे याचा जास्त.

मग ग्लुकोज आत जातं कसं, तर त्याच्यासाठी दार आहे म्हणून. लाल पेशीत त्या दाराचं नाव ग्लुट-१, एका एका पेशीवर अशी लाखांनी दारं असतात. ग्लुकोज त्यात बसतं, प्रोटीन आपला आकार बदलतं, बाहेरची बाजू बंद होते आणि आतली उघडते, ग्लुकोज आत पडतं. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या कधीच नसतात. सोडियमला लाल पेशीत असं ऐसपैस दार नाही, थोडंफार झिरपतं आणि जे झिरपतं त्याला पंप पुन्हा बाहेर काढतो, त्या पंपाकडे येतेच. लेकीला इथपर्यंत एवढंच सांगा की थर दोघांनाही अडवतो, दार एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही.

हे डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे नवीन मुलं ट्रेनिंगला आली की मी पहिल्या दिवशी तीन टेस्ट ट्यूब घेते. एकीत ०.९ टक्के सलाईन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, तिसरीत युरियाचं द्रावण, ज्याचं परासरणाचं बळ, म्हणजे पडद्यापलीकडून पाणी ओढायची ताकद, सलाईनइतकंच ठेवलेलं असतं. प्रत्येकीत एक एक थेंब रक्त. मागे वर्तमानपत्राचा तुकडा धरायचा. सलाईनची ट्यूब गढूळ लाल राहते, अक्षर दिसत नाही, कारण लाखो पेशी अख्ख्या तरंगत असतात आणि प्रकाश अडवतात. डिस्टिल्ड वॉटरची ट्यूब बघता बघता लख्ख होते, सरबतासारखी पारदर्शक, मागची बातमी वाचता येते. पेशी फुटल्या, हिमोग्लोबिन बाहेर आलं. आता तिसरीकडे बघून मुलं नेहमी गोंधळतात, कारण पुस्तकाप्रमाणे ते द्रावण समपरासारी, म्हणजे पाणी ओढायची ताकद पेशीच्या आतल्याइतकीच, मग पेशी टिकायला हव्यात, पण ती ट्यूबही लख्ख होते. कारण लाल पेशीवर युरियासाठी दार आहे, युरिया सरळ आत जातो, त्याच्यामागे पाणी जातं आणि पेशी फुगून फुटते. सलाईनमध्ये मात्र सोडियम बाहेर अडून राहतं आणि तेच पाण्याला बाहेर धरून ठेवतं. म्हणून ०.९ टक्के. एक लिटरला ९ ग्रॅम मीठ. आकडा मिठाचा आहे खरा, पण तो चालतो ते मेंब्रेन मिठाला आत घेत नाही म्हणून.

याच कारणासाठी रक्त चढवताना त्याच नळीतून ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, कधीच सोडत नाहीत. कागदावर ते द्रावणही रक्ताच्या बरंच जवळ जातं, पण ग्लुकोज दारातून आत शिरतं, मागून पाणी, आणि पेशी फुगतात, गठ्ठे होतात, फुटतात. वॉर्डमध्ये नवीन सिस्टर असल्या की मी फोनवर हमखास आठवण करते, बॅगेबरोबर फक्त नॉर्मल सलाईन.

पाण्याचं काय, असं ती विचारेलच. पाणी तेलातून थोडंथोडं झिरपतं, पण लाल पेशीत ते ज्या वेगाने जातं तो वेग नुसत्या तेलाने जमत नाही, त्यामुळे पाण्यालाही वेगळी वाट असणार असा संशय खूप वर्षं होता. ती सापडली अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे यांना, आणि तीही लाल पेशीत, आरएच रक्तगटाचं प्रोटीन वेगळं काढताना एक भलतंच प्रोटीन सारखं मधे येत होतं. १९९२ मध्ये त्यांनी बेडकाच्या अंड्यांना ते प्रोटीन बनवायला लावलं आणि ती अंडी पातळ द्रावणात ठेवली, अंडी काही मिनिटांत फुगून फुटली आणि शेजारची साधी अंडी तशीच राहिली. तेच अ‍ॅक्वापोरिन. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. एका लाल पेशीवर याची साधारण दोन लाख दारं असतात, आणि एका दारातून सेकंदाला अब्जांनी पाण्याचे रेणू जातात, पण एकेरी रांगेत, आणि पाण्याहून लहान असलेला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा भारित कण, त्यातून जाऊ शकत नाही.

आमच्या रक्तपेढीतली एक गोष्ट सांगते जी कॉलेजात सहसा सांगत नाहीत. रक्तगट म्हटलं की लोकांना ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच माहीत असतं, पण अजून कितीतरी गट आहेत आणि त्यातले बरेच म्हणजे ही दारंच. किड नावाचा गट आहे, ते युरियाचं दार. कोल्टन हा गट अ‍ॅक्वापोरिनवरच असतो. डिएगो हा गट बँड-३ नावाच्या प्रोटीनवर, जे बायकार्बोनेट (रक्तात कार्बन डायऑक्साइड मुख्यतः याच रूपात वाहतो) बाहेर सोडून क्लोराइड आत घेतं, आणि हे एका पेशीवर दहा लाखांच्या घरात असतं कारण शरीरभरचा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत नेण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ज्या माणसांत किडचं प्रोटीनच नसतं त्यांच्या पेशी युरियाच्या तीव्र द्रावणात इतरांसारख्या पटकन फुटत नाहीत, आणि असे दुर्मिळ रक्तदाते शोधायला खरोखरच हीच युक्ती वापरतात. तीच माझी तिसरी ट्यूब!

आणि मुंबईत बसून मेंब्रेनबद्दल बोलायचं आणि बॉम्बे ब्लड ग्रुप सोडायचा हे माझ्याच्याने होणार नाही. मेंब्रेनच्या फक्त बाहेरच्या बाजूला साखरेच्या छोट्या साखळ्या असतात, आतल्या बाजूला नाही. दोन्ही बाजू सारख्या नसतात हे पुस्तकात एका ओळीत येतं, पण आमचं सगळं काम त्या एका ओळीवर चालतं, कारण ए आणि बी म्हणजे या साखळीच्या टोकाची शेवटची साखर. त्यांच्याखाली जो पाया असतो तो एच. ओ गटाच्या माणसात नुसता एच असतो. १९५२ साली इथेच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसं दाखवून दिली ज्यांच्या पेशींवर एचसुद्धा नव्हता. आपल्याकडे साधारण दहा हजारात एक असा माणूस सापडतो. नुसत्या पेशी तपासल्या तर तो ओ वाटतो, पण त्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागात, ओ गटाच्या पेशी घातल्या की त्या ट्यूबमध्ये गठ्ठा होतो, हलवला तरी सुटत नाही. पहिल्यांदा तो गठ्ठा मी बघितला तेव्हा मी ट्यूब तीनदा परत लावली, मग सिनियर मॅडमना हाक मारली. त्या माणसाला ओचं रक्त चढलं असतं तर जीव गेला असता. साखरेचा एक रेणू कमी, एवढाच फरक.

आकाराच्या मुद्द्यावर शेवटचा घाव घालते, कारण लेक हुशार आहे, ती म्हणेल दार म्हणजेच भोक, मग भोकाचा आकार आलाच की. तिला पोटॅशियमचं दार सांगा. पोटॅशियम सोडियमपेक्षा मोठं असतं, तरी पोटॅशियमच्या चॅनलमधून पोटॅशियम सेकंदाला कोट्यवधींनी जातं आणि धाकटं सोडियम अडतं. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी त्या दाराची रचना दाखवली तेव्हा कोडं सुटलं, त्यांना नोबेल अ‍ॅग्रेंच्याच बरोबर मिळालं. दाराच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले असतात की पाणी सोडून आलेल्या पोटॅशियमला ते अगदी पाण्यासारखे कवेत घेतात, त्याला काही गमावल्यासारखं होत नाही. सोडियम लहान पडतं, त्या ऑक्सिजनना त्याचा हात पोचत नाही, म्हणून ते आपलं पाणी सोडतच नाही.

आता पंप. दार नुसतं उघडं असलं तर पदार्थ जास्त असलेल्या बाजूने कमी असलेल्या बाजूला जातो, फुकट. उलट्या दिशेने न्यायचं तर खर्च आहे. सोडियम-पोटॅशियम पंप १९५७ मध्ये डेन्मार्कच्या स्काऊ यांना खेकड्याच्या नसांमध्ये सापडला. एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. लाल पेशीवर असे पंप फक्त काही शे असतात, दारांच्या मानाने फारच कमी, आणि वेगही बेताचा, तरी त्यांच्यामुळेच आत पोटॅशियम लिटरमागे शंभर मिलिमोलच्या आसपास राहतं आणि बाहेर चार.

हा पंप थंडीत मंदावतो, आणि हे मी पुस्तकातून नाही, एका फोनवरून शिकले. पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतानाची गोष्ट, पावसाळ्याचे दिवस, लोकल बंद पडलेल्या, एका कलेक्शन सेंटरवरचा नमुना रात्री आलाच नाही, तिथल्या माणसाने चांगल्या हेतूने तो फ्रिजमध्ये ठेवला, सीरम वेगळं न करता तसाच. सकाळी मी मशीनवर लावला, पोटॅशियम ७.९. एवढं पोटॅशियम म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं, मी घाबरून लगेच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले पेशंट समोर बसून चहा पितोय, ईसीजी नॉर्मल आहे, ताजं रक्त पाठवतो. ताज्या नमुन्यात आलं ४.१. झालं असं की रात्रभर गारठ्यात पंप मंद, आणि पोटॅशियम आपलं झिरपत झिरपत बाहेर येत राहिलं. सीरमला लाल छटा नव्हती म्हणजे पेशी फुटल्या नव्हत्या, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. मेंब्रेन अख्खं होतं, फक्त काम करत नव्हतं. तेव्हापासून मी जुन्या नमुन्यावरची वेळ बघितल्याशिवाय पोटॅशियमचा रिपोर्ट सोडला नाही. रक्ताच्या बॅगाही आम्ही २ ते ६ डिग्रीला ठेवतो, त्यामुळे बॅग जसजशी जुनी होते तसं तिच्यातल्या प्लाझ्मात पोटॅशियम वाढतं, मोठ्या माणसाला एक-दोन बॅगांनी सहसा फरक पडत नाही, पण नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तर आम्ही ताजीच बॅग शोधतो.

पंपाचा खर्च वाया जात नाही हेही तिला सांगा. सोडियम बाहेर साठवलं की ते आत यायला टपलेलं असतं, धरणात पाणी अडवल्यासारखं. आतड्यातल्या पेशी याचा फायदा घेतात, तिथे एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि दोघांच्या मागे पाणी. म्हणून ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही असतं. कॉलरात बाकीच्या वाटा बिघडतात पण हे दार बहुतांशी शाबूत राहतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो लोक वाचवले ते याच दाराच्या जोरावर. पण प्रमाण पाळायचं, एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, ग्लासभर पाण्यात घातलंत तर ते इतकं तीव्र होतं की उलट आतड्यात पाणी ओढून आणतं. पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी जुलाब असतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि "कुठली पेशी" हे मी आधी का म्हटलं ते आता लक्षात येईल. लाल पेशी ग्लुकोज घ्यायला इन्शुलिनची वाट बघत नाही, दारं कायम पृष्ठभागावर असतात. स्नायू आणि चरबीच्या पेशींत ग्लुट-४ नावाची दारं आत गुंडाळून ठेवलेली असतात, इन्शुलिन आलं की ती पृष्ठभागावर आणून बसवली जातात, आणि इन्शुलिन गेलं की परत आत. त्यामुळे जेवणानंतर आणि उपाशीपोटी त्याच स्नायूचं मेंब्रेन वेगळं असतं.

राहिली एक गोष्ट, जी तिच्या प्रश्नात नव्हती पण मुंबईत उपयोगी पडते. मेंब्रेन वाकतं हवं तितकं, ताणलं मात्र जात नाही, लाल पेशीचा पृष्ठभाग तीन-चार टक्के ताणला की संपलं. मग पातळ द्रावणात पेशी टिकते ती कशावर, तर तिच्याकडे आतल्या मालाच्या मानाने कातडी किती ढिली आहे त्यावर. थॅलेसिमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या आनुवंशिक दोषाचं सौम्य रूप, त्यात पेशी लहान आणि चपट्या, माल कमी आणि पिशवी ढिली, त्यामुळे त्या जास्त पाणी पिऊनही फुटत नाहीत. यावर एक स्वस्त तपासणी आहे, नेस्ट्रॉफ्ट म्हणतात, ०.३६ टक्के बफर केलेल्या सलाईनमध्ये रक्ताचा थेंब टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं, हलवायचं आणि ट्यूबमागे पांढऱ्या कागदावर काळी रेघ धरायची. रेघ स्वच्छ दिसली तर पेशी नेहमीसारख्या फुटल्या. धूसर दिसली किंवा दिसलीच नाही तर बऱ्याच पेशी टिकून आहेत, पुढची तपासणी करा. लोह कमी असलं तरी रेघ धूसर दिसू शकते, त्यामुळे यावरून निदान होत नाही, एचबीए-२, म्हणजे एका प्रकारच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजणारी तपासणी, करावीच लागते. पण कॉलेजच्या कॅम्पमध्ये शंभर मुलांतून कुणाला पुढे पाठवायचं हे एका काळ्या रेघेवर कळतं. तिच्या कॉलेजात असा कॅम्प लागला तर तिला जरूर जाऊ द्या.

घरी करून बघायचं असेल तर रक्त नको, बीट आणा. बिटाचा लाल रंग पेशीच्या आत पिशवीत बंद असतो आणि मेंब्रेन शाबूत असेल तोवर बाहेर येत नाही. सारख्या मापाचे तुकडे कापा आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत नळाखाली धुवा, कारण कापताना ज्या पेशी चिरल्या त्यांचा रंग आधी निघून जायला हवा, मुलं ही पायरी नेमकी विसरतात. मग तीन ग्लास, एकात साधं पाणी, एकात गरम पाणी, आणि एका ग्लासात साधं पाणी पण तुकडे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून काढलेले. गरम पाण्याच्या ग्लासापाशी तुम्ही स्वतः थांबा. अर्ध्या तासाने तिला तिन्हींचे रंग बघायला सांगा, आणि फ्रीझरमधल्या तुकड्यांना मेंब्रेनच्या बाबतीत नक्की काय झालं असेल ते तिच्या शब्दांत लिहायला सांगा. तिने लिहिलेलं इथे टाका, मी वाचून कळवते.